राऊत मॅडम आणि मामाचा पत्ता

"यंदा सगळ्यात मोठं पॅकेज कुणाला मिळालं?" हा प्रश्न मी राऊत मॅडमना पहिल्याच भेटीत विचारला. तेव्हा मी एका दैनिकाच्या वसई-विरारच्या पानासाठी बातम्या देत होतो. निकालांच्या हंगामात प्रत्येक कॉलेजात हाच प्रश्न विचारायचा, उत्तराचा मथळा करायचा आणि सोबत पेढा खाणाऱ्या मुलाचा फोटो लावायचा, अशी आमच्याकडे रीत होती. मॅडमनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्याबरोबरच्या फोटोग्राफरकडे पाहिलं.

"सांगते. पण आधी तुम्ही सांगा. गेल्या वर्षी ज्याचा फोटो छापलात, तो आता कुठे आहे?"

आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

"मला माहीत आहे. पावसाळा संपायच्या आत नोकरी सोडून आला. आता भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो आणि मजेत आहे. फोटो काढायचाच असेल तर त्याचा आता काढा. तेव्हा तो हसत होता, पण घाबरलेला होता."

त्या दिवशी बातमी झाली नाही. फोटोग्राफर परतताना वैतागला होता. मला मात्र त्या खोलीत पुन्हा जावंसं वाटलं आणि पुढची काही वर्षं मी अधूनमधून जात राहिलो.

प्राध्यापक नीलिमा राऊत विरारच्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवत. शिवाय त्यांच्याकडे प्लेसमेंट सेल होता. मुलांना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या आणि कॉलेज यांच्यातला सगळा व्यवहार या विभागाने पाहायचा असतो. हे काम त्यांनी मागून घेतलं नव्हतं. ज्या सभेत वर्षाची कामं वाटली गेली, त्या सभेच्या दिवशी त्या रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवलेली होती. कपाटात त्यांना फाटलेला बॅनर, कंपन्यांना द्यायची मरगळलेली कृत्रिम फुलं आणि एक डब्बा टाचण्या मिळाल्या. फुलं त्यांनी त्याच दिवशी टाकून दिली. वसईजवळच्या सांडोरसारख्या बागायती गावातल्या बाईने पाहुण्याला प्लास्टिकचं फूल देणं त्यांना शोभण्यासारखं वाटलं नाही.

सांडोरला त्यांची वाडी होती. केळी, भाजी, थोडी फुलझाडं. भाऊ वाडी बघायचा आणि मॅडम रोज स्कूटरवरून विरारला यायच्या. बेताची उंची, सुती साडी, केसांत वाडीतलं एखादं फूल आणि हातात भलंमोठं निळं हेल्मेट. खोलीत आल्यावर ते हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं जायचं आणि दिवसभर टपालपेटीचं काम करायचं. आलेल्याचं व्हिजिटिंग कार्ड, मुलाचा अर्ज, फोनवर घेतलेला निरोप, सगळं त्यात पडायचं. संध्याकाळी ते डोक्यावर घालायचं असल्यामुळे रिकामं करणं भागच होतं. त्या दिवसाचं काम त्याच दिवशी संपवण्याची ही पद्धत त्यांनी ठरवून सुरू केली होती की आपोआप पडली होती, हे मी कधी विचारलं नाही.

खोली जिमखान्याला लागून होती. भिंतीपलीकडे दिवसभर कॅरमच्या सोंगट्या आपटत असायच्या. एकदा मुलाखती घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी तो आवाज बंद करायला सांगितलं.

"तुमच्या ऑफिसात शांतता असते का हो?" मॅडमनी विचारलं.

"नाही, तसं नाही… ओपन ऑफिस आहे आमचं."

"मग राहू दे. मुलांना सवय होईल आणि तुम्हालाही कळेल, कोण ऐकू शकतं ते."

खोलीच्या दाराशी मेहेर नावाचे शिपाई असायचे. ते अर्नाळ्याचे, कोळीवाड्यातले. येणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत दारातच तयार व्हायचं आणि ते आत येऊन सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "बाई, कोन तरी टाय लावून आलाय. पानी मागितलं नाय, पयला वायफाय मागितला. ह्यो पुन्हा येनार नाय." मॅडम हे गंभीरपणे ऐकून घ्यायच्या. मेहेरांचे अंदाज बहुतेक बरोबर ठरतात, असं त्या मला म्हणाल्या होत्या. फक्त टाय लावणाऱ्यांच्या बाबतीत ते जरा कडक होते.

कंपनीकडून कुणीही आलं की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. तो मी स्वतः ऐकला, तो प्रसंग असा. गुळगुळीत दाढी केलेला, टाय लावलेला एक तरुण अधिकारी आला होता. त्याला 'डायनॅमिक' आणि 'टार्गेट-ओरिएंटेड' पदवीधर हवे होते. पदाचं नाव होतं बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"छान. आता मला सांगा, आमची मुलगी सोमवारी सकाळी तुमच्याकडे आली, खुर्चीवर बसली. मग काय करेल?"

"मॅम, शी विल बी पार्ट ऑफ अ व्हेरी व्हायब्रंट…"

"हो, ते झालं. पण ती हाताने काय करेल?"

तरुणाने जरा विचार केला. "फोन करेल."

"कुणाला?"

"कस्टमर्सना. म्हणजे… जे होऊ शकतात, त्यांना."

"कशासाठी?"

"क्रेडिट कार्डसाठी."

"दिवसभर?"

"दिवसभर," तो म्हणाला आणि हसला. मेहेरांनी तेवढ्यात चहा आणून ठेवला. मॅडमनी त्याला हाकलून दिलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही. त्या त्याला वर्गात घेऊन गेल्या आणि हेच, याच शब्दांत, मुलांना सांगायला लावलं: दिवसभर फोन, बरेच लोक चिडतात, काही शिव्या देतात, पण बोलण्याची भीती कायमची जाते. अर्धा वर्ग उठून गेला. उरलेल्यांतल्या काहींनी ती नोकरी घेतली आणि बहुतेक जण टिकले. तो तरुण पुढच्या वर्षी पुन्हा आला, या वेळी टाय न लावता. आल्या आल्या म्हणाला, "मॅम, मंडे मॉर्निंगचं आधीच तयार करून आणलंय."

कंपनीने कॉलेजात येण्याआधी आपण कंपनीत जाऊन यायचं, हा त्यांचा दुसरा नियम. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. मालक पटेलशेठ. हिशेबाला आणि ऑर्डरी बघायला त्यांना दोन पदवीधर हवे होते. मॅडम सकाळीच जाऊन बसल्या. पटेलशेठ गडबडले.

"मॅडम, तुम्ही इन्स्पेक्शनला आल्या काय?"

"मुलीचं स्थळ बघायला आल्येय, असं समजा. तुमचं काम चालू द्या."

त्यांनी लेडीज टॉयलेट पाहिलं. कामगारांबरोबर डबा खाल्ला. रिक्षा गेटपर्यंत येते की नाक्यावरून चालत यावं लागतं, हे विचारून घेतलं. निघताना एकच गोष्ट विचारली: "नवीन माणूस अडला तर कुणाला विचारेल?"

"मला," पटेलशेठ छातीवर हात ठेवून म्हणाले.

"तुम्ही आज सकाळपासून जागेवर किती वेळ होतात?"

पटेलशेठ दिवसभर डिस्पॅचमध्ये, फोनवर आणि एका ट्रकवाल्याशी भांडण्यात होते. त्यांनी जरा डोकं खाजवलं आणि आतल्या अकाउंटंट बाईंना हाक मारली. "अनिताबेन, आतापासून नवीन मुलं तुमची. ते रडले तर तुम्ही बघायचं." अनिताबेन म्हणाल्या, "शेठ, तुम्ही रडवलं नाही तर ते कशाला रडतील?" मॅडमना ते उत्तर आवडलं. कारखान्याला दोन मुलं मिळाली आणि मॅडमना अनिताबेनचा नंबर.

तो नंबर त्या वापरायच्या. मूल कामाला लागलं की बहुतेक कॉलेजांचं काम संपतं. मॅडमचं तिथून सुरू व्हायचं. काही महिन्यांनी त्या कंपनीत फोन करायच्या आणि म्हणायच्या, "तक्रारी सांगा. कौतुक मुलगा घरी स्वतःच सांगतो." पहिल्यांदा समोरचा माणूस बिचकायचा. मग बोलायचा. अशा फोनांतून त्यांना कळलं की आपली मुलं कामात बरी आहेत, पण ई-मेल लिहिताना अडखळतात. विषयाच्या जागी 'हाय सर' लिहितात आणि फाइल जोडायला विसरतात. त्या थेट इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे गेल्या. त्या वर्षापासून इंग्रजीच्या असाइनमेंटा ई-मेलने, विषयासकट आणि दोन ओळींच्या पत्रासकट घ्यायच्या ठरल्या. प्राध्यापकांची कुरकुर बराच काळ चालली. "राऊत मॅडम, मी साहित्य शिकवतो, टपाल खातं नाही चालवत," असं त्यांनी स्टाफरूममध्ये सुनावलं. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलाचं पहिलं पत्र साहेबाने वाचलंच नाही, तर पुढचं साहित्य तो कुणाला दाखवणार?" ते कुरकुरत राहिले, पण ई-मेल तपासत राहिले.

मात्र त्यांची खरी युक्ती वर्षाच्या सुरुवातीची होती. इतर कॉलेजं कंपन्यांना हिवाळ्यानंतर बोलावत, परीक्षा तोंडावर आल्या की. मॅडम जुलै-ऑगस्टमध्येच बोलवायच्या, मुलाखत नको म्हणून सांगायच्या आणि एक तास शिकवायला लावायच्या. कुणी एक्सेल शिकवायचा, कुणी जीएसटीचं बिल, कुणी ग्राहकाशी कसं बोलायचं ते. मी याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

"आमचे आप्पा घड कापून नाक्यावर कधी ठेवत नसत. व्यापाऱ्याला वाडीत आणायचे. घड झाडावर असताना दाखवायचे, जमीन दाखवायचे, वर चहा. मग तो व्यापारी दुसऱ्या वाडीत जातच नसे. मुलं कच्ची असताना त्या लोकांनी बघितली की त्यांना ती आपली वाटायला लागतात. मार्चमध्ये मग मुलाखत नावापुरती राहते."

येणाऱ्या पाहुण्यांना त्या सुकेळी द्यायच्या. वसईची ही उन्हात सुकवलेली केळी अंधेरीच्या अधिकाऱ्यांनी पाहिलेली नसत. एका बाईंनी ती खजुराचा प्रकार समजून नवऱ्याला दिली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून आणखी मागितली. त्या बाई म्हणजे शलाका कामत. अंधेरीतल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी. ही कंपनी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करायची. वाणिज्य शाखेच्या मुलांना तिथे शिकायला खूप होतं. मॅडम वर्षभर त्या कंपनीच्या मागे होत्या. शलाका कामत दोनदा वर्ग घेऊन गेल्या होत्या आणि मार्चमध्ये त्यांनी कॉलेजातल्या तीन मुलांना निवडलं.

त्या तिघांत कोमल होती. विरारच्याच फुलपाड्याची. वडील एका सोसायटीत वॉचमन, आई घरी शिवणकाम करणारी. तिच्या घरातून ऑफिसात नोकरीला जाणारी ती पहिलीच ठरणार होती. पेढ्यांसकट ती बातमी तिच्या आईने चाळीत वाटून टाकली होती. दुसरे दोन मुलगे, संदेश आणि रोहित. दोघेही विरारमधल्याच चंदनसारचे.

निवडीनंतर कंपनीने नेहमीप्रमाणे पत्त्याची खातरजमा करायला माणूस पाठवला. तो गोरेगावच्या एका चाळवजा इमारतीत पोहोचला आणि त्याने दार वाजवलं. दार उघडणाऱ्या गृहस्थांना त्याने कोमलचं नाव विचारलं. ते कोमलचे मामा होते. "भाची आहे माझी, काय झालं?" ते घाबरून म्हणाले. काही झालं नाही, नोकरी लागलीय, हे कळल्यावर त्यांनी त्याला आत बसवून चहा दिला. चहा पिताना त्या माणसाने कागद पाहिला आणि विचारलं, "आणि संदेश आणि रोहित? तेही इथेच राहतात ना?"

मामांनी खोलीकडे पाहिलं. खोलीत एक पलंग होता, एक कपाट होतं आणि पलंगावर त्यांच्या सासूबाई होत्या.

"इथे मी, बायको आणि या," ते म्हणाले. "भाची दिवाळीला येते. ती दोन पोरं कोण, ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी शलाका कामतांचा फोन आला तेव्हा मी खोलीत होतो. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला नव्हता, तरी आवाज ऐकू येत होता.

"राऊत मॅडम, गोरेगावच्या त्या वन रूम किचनमध्ये तुमचे नक्की किती विद्यार्थी राहतात?"

झालं होतं ते असं. कोमलच्या वरच्या वर्गातल्या एका मुलीने तिला सांगितलं होतं की अंधेरीच्या कंपन्या विरारचा पत्ता दिसला की अर्ज बाजूला ठेवतात. लांबून येणारा उशिरा येतो आणि वर्षात सोडून जातो, असं त्यांना वाटतं. गोरेगाव अंधेरीच्या जवळ, म्हणून कोमलने मामाचा पत्ता लिहिला. संदेश आणि रोहितचा मुंबईत मामा नव्हता. त्यांनी कोमलचा घेतला.

तिघांना बोलावणं गेलं. मेहेरांनी त्यांना आत सोडताना दाराशीच सुनावलं, "मामाकडं जायचं तं सुट्टीत जायचं. नोकरीला कोन जातो मामाकडं?" मॅडमनी तिघांना बसायलाही सांगितलं नाही.

"पत्ता खोटा का दिलात, ते मला कळलं. पण एकच पत्ता तिघांनी? संख्याशास्त्र शिकवते मी तुम्हाला. त्याची तरी लाज ठेवायची."

कोमल रडत होती. रोहित हळूच म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं फ्लॅट नंबर वेगळा टाकला की चालेल." मॅडमनी डोळे मिटले. त्या हसू दाबत होत्या, हे टेबलाच्या कडेला बसलेल्या मला दिसत होतं.

प्राचार्यांना हा प्रकार अजिबात गमतीचा वाटला नाही. कॉलेजचं नाव गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीला माफीचं पत्र जावं आणि तिन्ही मुलांना त्या वर्षीच्या सगळ्या मुलाखतींतून काढून टाकावं, असं त्यांनी ठरवलं होतं. कोमलच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. शेवटचं वर्ष, शेवटचा हंगाम. त्यानंतर कॉलेजचा आधार नाही. आई वाटलेले पेढे परत मागू शकत नव्हती.

"पत्र पाठवा," मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या, "पण परवा पाठवा. उद्या मी त्यांना घेऊन जाते. ज्यांनी खोटं लिहिलं त्यांनी तिथे जाऊन सांगावं."

"आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?"

"तर तुमचं पत्र आहेच."

अंधेरीला त्यांच्याबरोबर मी गेलो नव्हतो. तिथे काय झालं, ते मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं आणि पुढे शलाका कामतांनीही. चौघांचं मुख्य गोष्टींवर एकमत आहे, म्हणून लिहितो.

खोलीत शलाका कामत होत्या आणि कामकाज विभागाचे प्रमुख मेनन. मुलं ज्यांच्या हाताखाली काम करणार होती, ते हेच. मेनन मूळचे केरळचे, पण जन्म आणि शाळा मुंबईची, त्यामुळे मराठी साफ. ते रागावलेले होते. मुलांनी एकेक करून खरं सांगितलं. संदेश पुटपुटला, तेव्हा मॅडमनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. सगळं झाल्यावर त्या मेननांकडे वळल्या.

"यांनी खोटं लिहिलं, ते चूक. आता तुमचं सांगा. विरारचा अर्ज तुम्ही बाजूला ठेवता का?"

शलाका कामतांनी खिडकीकडे पाहिलं. मेनन म्हणाले, "नियम नाही तसा. पण हो, ठेवतो. आमचं काम सकाळी आठला सुरू होतं, मॅडम. परदेशातले लोक जागे असताना कागद जायला हवेत. मागे लांबचे दोघे घेतले होते, रोज उशीर. मला माणसं हवीत, सबबी नकोत."

"बरोबर आहे. मग तुम्हाला आठ वाजता माणूस हवा. गोरेगाव कशाला मागता?"

"म्हणजे?"

"तुमच्या जाहिरातीत आठ वाजताचं कुठेच नाही. तुमच्या कंपनीने दोनदा वर्ग घेतले, तेव्हाही कुणी बोललं नाही. ही मुलं पत्ता शोधत बसली, तुम्ही पत्ता बघत बसलात. आठला हजर राहायचं, असं सरळ लिहा. ज्याला जमणार नाही तो येणारच नाही, मग तो गोरेगावचा असो नाहीतर तुमच्या बिल्डिंगमधला."

मेननांनी कोमलकडे पाहिलं. "फुलपाड्याहून आठला कशी येणार?"

कोमल आतापर्यंत रडून झाली होती. "सव्वासहाची लोकल पकडेन, सर. आमचं लेक्चर तीन वर्षं सकाळी साडेसातचं आहे. आणि साडेसात झाले की राऊत मॅडम दार लावतात."

"आणि उशीर झाला तर?"

"बाहेर मेहेरकाका असतात, सर. ते सगळ्यांसमोर बोलतात."

मेनन हसले. शलाका कामतांना आधीच हसू आलं होतं. पण मेननांनी तेव्हा काही कबूल केलं नाही. कळवतो, एवढंच म्हणाले. परतताना मॅडमनी तिघांना स्टेशनबाहेर वडापाव खायला घातला आणि सांगितलं, "झालं तर झालं. नाही झालं तर पटेलशेठकडे एक जागा आहे, पण ती एकालाच. आता आपसात भांडू नका." संदेश म्हणाला, "कोमलला द्या, मॅडम." त्याचा वडापाव संपल्यावर मॅडमनी त्याला आणखी एक घेऊन दिला.

त्यानंतरचे काही दिवस खोलीत फोन वाजला की मेहेर दारातून आत डोकं घालायचे. प्राचार्यांचं पत्र टाइप होऊन सहीसाठी थांबलं होतं. मॅडम रोज त्यांना "उद्या" म्हणायच्या. शेवटी फोन आला तो शलाका कामतांचा नव्हता, मेननांचा होता. मॅडम फक्त "हो", "बरं", "हो" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मेहेरांना म्हणाल्या, "कोमलला बोलवा. आणि ती दोन कार्टी कुठे आहेत तेही बघा." मेहेर जिन्याशी उभे राहून ओरडले, आणि त्यांचा आवाज आख्ख्या इमारतीत गेला. तिघांनाही घेतलं होतं. अट एकच होती: पहिल्या तीन महिन्यांत उशीर झाला, तर कुणीही, कसलीही सबब न सांगता, आपणहून नोकरी सोडायची. प्राचार्यांनी ते पत्र फाडलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये येऊन चहा मागितला. मेहेरांनी आलं घालून आणला.

कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मुलं कामाला लागली, त्या सुमारास माझी बदली आमच्या अंधेरीच्या कार्यालयात झाली. वेबसाइटची सकाळची पाळी होती, त्यामुळे मी लवकर पोहोचायचो. मेननांची कंपनी आमच्या कार्यालयापासून एका वळणावर आहे. एका सकाळी त्या रस्त्याने जाताना समोरच्या चहाच्या टपरीमागे एक ओळखीची सुती साडी दिसली. केसांत फूल. हातात हेल्मेट नव्हतं, एवढाच फरक.

"मॅडम, तुम्ही इथे?"

"अंधेरीत एक लग्न आहे," राऊत मॅडम म्हणाल्या.

सकाळचे पावणेआठ वाजत होते. लग्नाचा पोशाख अंगावर नव्हता. मॅडम टपरीच्या खांबाआडून समोरच्या गेटकडे बघत होत्या. थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला कोमल दिसली. नवी सलवार-कमीझ, खांद्यावर डब्याची पिशवी, जवळजवळ पळत होती. मागून संदेश आणि रोहित. मॅडम खांबामागे आणखी सरकल्या. तिघं गेटमधून आत गेली. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि इतका वेळ धरून ठेवलेला चहाचा ग्लास तोंडाला लावला. चहा गार झाला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

तेवढ्यात गेटच्या आतून मेनन बाहेर आले. तेही घड्याळ बघत होते. आत गेलेल्या तिघांकडे त्यांनी वळून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि मान वर करताना त्यांना टपरी दिसली. टपरीमागची साडीही दिसली. मॅडमना आता लपायला जागा नव्हती.

मेननांनी रस्ता ओलांडला.

"मॅडम, चेकिंगला आलात?"

"तुम्ही कशाला बाहेर उभे होतात?" मॅडम म्हणाल्या.

मेननांनी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि माझ्याकडे बघून तिसरा. मला कामावर जायला उशीर होत होता, म्हणून मी नको म्हणालो. वळणावर पोहोचून मागे पाहिलं तेव्हा दोघं टपरीशेजारच्या बाकावर बसली होती. मॅडम गरम ग्लास पदरात धरून काहीतरी समजावत होत्या आणि मेनन मान डोलवत ऐकत होते. वाऱ्यावर मॅडमचं एक वाक्य मला ऐकू आलं.

"जुलैत या तुम्ही. स्वतः या. शलाकाला नका पाठवू."